तिकडची पेटी, इकडची पेटी

रुपीच्या छातीवर गोणपाटाची घडी धरून मी उभा होतो आणि हिंदुराव आबांचा गडी तिच्याभोवती द्राक्षबागेची तार आवळत होता. आधी दोर बांधून पाहिला होता, तो दोनदा निसटला. तिसऱ्यांदा आबा म्हणाले, तार घ्या, तारेवर अख्खी बाग उभी राहते, गाढव राहणार नाही होय? मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तारेचं भेंडोळं खाली आलं.

मी म्हटलं, "आबा, जनावर ओझ्याचं हाय. ओढायचं न्हाई. तारंनं कापंल तिला."

"ओढायचं कुठं हाय तिला? मागनं माणसं ढकलत्यात. तिनं नुसतं पुढं चालायचं. शोरूमपर्यंत. फोटो निघाला की सोड आन् जा."

गाडी पांढरीशुभ्र होती. समोर अजून दसऱ्याच्या हाराचा वाळका दोरा लोंबत होता. तिच्या पुढच्या हुकाला एका बाजूला रुपी आणि दुसऱ्या बाजूला खंड्या, अशी माझी दोन जनावरं तारेनं बांधली गेली. दोघांच्या गळ्यात झेंडूचे हार, कपाळाला गुलाल. टपावर मोठी पाटी लावली होती, 'हिच्यापेक्षा गाढव बरं'. पाटी वाचून हलगीवाले खूश होते. मला मात्र त्यातला मान कळेना. माझी रुपी त्या गाडीपेक्षा बरी होती हे मला पाटी न लावताही ठाऊक होतं.

रुपी काठेवाडी. उंच, पांढरी, पाय सरळ. जेजुरीच्या बाजारातून आणली तेव्हा आमच्या वस्तीतली माणसं तिला बघायला आली होती, नवी सून बघायला यावीत तशी. नदीकाठच्या भट्टीवर ती विटा वाहायची. रस्ता एकदा दाखवला की माणूस लागत नसे. भरलेली जायची, रिकामी यायची, मधे उसाच्या पाल्याकडं बघायचीसुद्धा नाही. खंड्या तिच्यामागून गुमान चालायचा. माझं घर त्या दोघांच्या पाठीवर चाललं होतं. त्यातही खरं सांगायचं तर रुपीच्या. खंड्याला रुपी नसली तर पाऊल टाकायचं कळत नव्हतं.

मग मी ती दिलीच का? आमची पालं आबांच्या पडीक रानात होती. आबांना नाही म्हणणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. त्यांनी माणूस पाठवला, म्हाळ्याला म्हणावं उद्या दोन गाढवं घेऊन ये, धुऊन आण. मी धुऊन आणली.

आबा म्हणजे तासगावकडचे मोठे बागायतदार. द्राक्षं परदेशी पाठवायचे, स्वतःची पॅकिंगची शेड होती, शीतगृह होतं. त्यांची लेक इंग्लंडला दिलेली. आबांनी ज्या कंपनीची ही गाडी घेतली, त्याच कंपनीची तीच गाडी लेकीनंही तिकडं घेतली होती, त्याच साली. इकडं आबांच्या गाडीचा गिअर पेठ नाक्याला अडकला तो अडकलाच. शोरूमवाले म्हणाले, वॉरंटी संपली, तीन वर्षं होती. आबांनी लेकीला फोन लावला, तर तिच्या गाडीची वॉरंटी निम्मीसुद्धा झालेली नव्हती. तिकडं सात वर्षं देतात म्हणे. झालं. त्या दिवसापासून आबांचं डोकं फिरलं. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या द्राक्षांच्या शे-दोनशे पेट्यांत निघाला असता, पण खर्चाचं दुःख नव्हतंच. जावयाची गाडी सात वर्षांची आणि सासऱ्याची तीन वर्षांची, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

पेट्रोल पंपापासून मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मग माझी जनावरं, मग गाडी, मागं ढकलणारे आबांचे गडी, त्यामागं ट्रॅक्टर. काही गड्यांनी बागेतले लोखंडी अँगल आणले होते, त्यांना काळी फडकी बांधून निशाणं केली होती. ट्रॉलीत पेट्रोलचा एक कॅनही होता. मी विचारलं तर एक जण म्हणाला, नुसता भिववायला. रस्त्याच्या कडेला माणसं थांबून हसत होती. कोणीतरी ओरडलं, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी!" आबा स्वतःही हसले. तेव्हा ते खुशीत होते.

मी रुपीच्या कानाजवळ चालत होतो. मागून ढकलणाऱ्यांचा जोर वाढला की तार सैल पडायची, कमी झाला की छातीत रुतायची. गोणपाट एका अंगाला सरकलं होतं. मी ते सारखं मधे ओढत होतो आणि मनातल्या मनात शोरूम जवळ आणत होतो.

शोरूमची पुढची बाजू सगळी काचेची. आत नव्या गाड्या हळदीच्या नवऱ्यासारख्या चकचकीत उभ्या. आमची गाडी बरोबर दारासमोर नेऊन थांबवली. फोटो निघाले. मी तार सोडायला हुकापाशी वाकलो, तर आबांनी हातानंच थांबवलं. साहेब बाहेर येऊन बघू दे, मग सोड.

साहेब बाहेर आला. मगदूम नावाचा तिथला मॅनेजर, तिशीतला असेल, अंगानं किरकोळ. त्यानं हात जोडले, आबांना आत चहाला बोलावलं, बाहेरच्यांनाही चहा सांगितला. माणूस सज्जन होता, तिथंच त्याचं चुकलं. अशा वेळी शोरूममधला मुरलेला माणूस 'वर कळवतो' एवढंच म्हणतो आणि वरच्याला आजवर कोणी पाहिलेलं नसतं. मगदूमला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायची खोड होती.

आबा म्हणाले, "मला फुकट काय नको. माझ्या लेकीची गाडी हीच, कंपनी हीच, रंग ह्योच. तिकडं सात वर्षं आन् हितं तीन. का, तेवढं समद्यांच्या म्होरं सांग. पटलं तर गाडी घेऊन जातो."

हलगी थांबली. मगदूम सांगू लागला. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो, म्हणाला. तिकडं गिऱ्हाईक कायद्याकडं गेलं की कंपनीला घाम फुटतो. शिवाय तिकडं दुसऱ्या कंपन्या पाच वर्षं देतात, मग ह्यांना सात द्यावी लागतात, नाहीतर ह्यांच्या दाराशी कोण येणार? भाजीवाली शेजारणीपेक्षा एक मूठ जास्त टाकते, तसंच. आणि इकडं धूळ, खड्डे, डिझेलची भेसळ, पाच माणसांच्या गाडीत दहा जण. बिघडलेली गाडी कंपनीला पदरमोड करून दुरुस्त करावी लागते, म्हणून कुठल्या देशात किती मोडतील याचा अंदाज बांधून ती वर्षं ठरवते.

मला त्याचं बोलणं पटत होतं, असं म्हटलं तर लोक हसतील. पण माझी रुपी ज्या व्यापाऱ्याकडून घेतली, त्याची रीत मी पाहिली होती. जेजुरीला तो भंडाऱ्यावर हात ठेवून सांगायचा, वर्षात जनावर लंगडलं तर पुढच्या बाजारात परत आण, बदलून देतो. तोच माणूस, तसलंच जनावर, कर्नाटकातल्या बाजारात उभा राहिला की शपथेचं नाव काढायचा नाही. मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, जेजुरीला मी शपथ घेतली नाही तर शेजारचा घेतो. इथं कोणीच घेत नाही, मग मीच कशाला घेऊ? बाजार बदलला की शब्द बदलतो. मी हे कोणाला बोललो नाही. गाढववाल्यानं गाडीच्या गोष्टीत तोंड घालावं असा तो दिवस नव्हता.

आबांना मात्र पटत नव्हतं. "म्हंजे आमी गाडी मोडायला घेतो, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, आबा."

"मग कसं? धूळ काय आज पडाय लागली? धूळ हाय हे ठाऊक असून गाडी हितं इकलीसा न्हवं?"

हे बरोबरच होतं. मगदूम गप्प राहिला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं, आबांनी जिंकल्यासारखं केलं असतं आणि मी तार सोडून घरी गेलो असतो. पण त्यानं खाली बघितलं, ओठ चावला आणि बोलला.

"आबा, राग मानू नका. माझी आई तुमच्या शेडमध्ये पॅकिंगला होती. इंग्लंडला जायची पेटी वेगळ्या टेबलावर भरतात. तिच्यातल्या मालावर फवारलेल्या औषधाची तपासणी होते, मणी न् मणी निवडतात, वर तुम्ही लिहून देता की माल खराब निघाला तर जबाबदारी आमची. त्यातून उरलेला माल सांगलीच्या बाजारात येतो. त्या पेटीवर तुम्ही काय लिहून देता?"

मगदूमनं मान वर केली.

"तिकडं खराब पेटी परत पाठवतात, म्हणून तुम्ही लिहून देता. इकडं कोणी परत पाठवत नाही. आम्हीच खातो ती. गाडीचंही तेवढंच आहे, आबा."

हलगीवाल्यांपैकी एक जण फिस्सकन हसला. मग ढकलणाऱ्यांतला एक. शेडमध्ये राबलेली माणसं होती ती, त्यांच्या घरातही तीच उरलेली द्राक्षं जायची. हसू बाहेर पडलं ते त्यांच्याही नकळत. आबांनी मागं वळून पाहिलं तेव्हा सगळ्यांची तोंडं मिटलेली होती, पण हसणं ऐकू आलं ते आलंच.

त्यांनी शेजारच्या गड्याच्या हातातला अँगल ओढून घेतला. त्याला बांधलेलं काळं फडकं तसंच होतं. पहिला घाव मगदूमच्या खांद्यावर बसला, दुसरा भुवईवर. तो गुडघ्यावर आला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर रक्ताचा ओघळ उतरला. मालकानं हात टाकला की गड्यांना हुकूम लागत नाही. मघाशी हसलेल्यांनीच सगळ्यांत आधी दगड उचलले, आपण हसलो नव्हतो हे दाखवायला. समोरची काच एकदम खाली आली. आतल्या पोरी किंचाळत मागच्या दारानं पळाल्या. एक जण नव्या गाडीच्या टपावर चढून नाचू लागला. बाहेर आलेल्या मेकॅनिकला चौघांनी मिळून तुडवला. त्याचा त्या गाडीशी काहीएक संबंध नव्हता.

मी हुकाशी वाकून तार सोडत होतो. गाठ नव्हतीच, पिळा होता. पकडीनं घातलेला पिळा बोटांनी सुटत नसतो. माझी नखं फुटली. काचेच्या आवाजानं दोन्ही जनावरं बिथरली होती, पुढं ओढ घेत होती आणि पिळा आणखी घट्ट होत होता.

तेवढ्यात आबांचा आवाज आला. "ह्या गाडीचं तोंड बघायचं न्हाई मला."

कॅन त्यांच्या हातात होता. अँगलनं गाडीची काच फोडून त्यांनी पेट्रोल आत ओतलं, मग टपावर, मग बॉनेटवर. मी धावलो. त्यांचे पाय धरले. खोटं सांगत नाही, खरोखर दोन्ही हातांनी पाय धरले. "आबा, माझी जनावरं हायती म्होरं. एवढी सोडू द्या. मग जाळा." आबांनी माझ्याकडं बघितलं, पण मी त्यांना दिसलो नाही. त्यांनी लाथ झाडली आणि काडी ओढली.

भडका उडाला तो माणूसभर उंच. रस्त्याला थोडा उतार होता. पेट्रोल गाडीखालून पुढं वाहिलं आणि आग त्याच्यामागून पळत गेली. रुपीचं आणि खंड्याचं तोंड शोरूमकडं, मागचे पाय गाडीकडं. मी रुपीच्या मानेला मिठी मारून पुढं ओढू लागलो. ती ओरडली. गाढव ओरडतं तेव्हा लोक हसतात, पण ते ओरडणं ऐकलेला माणूस पुन्हा कधी हसला नसता.

मगदूम उठला. एक डोळा रक्तानं बंद झालेला, हात लुळा लोंबतोय, अशा अवस्थेत तो फुटक्या काचांतून आत धडपडत गेला. मला वाटलं पळाला. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात मोठी पक्कड होती. ती त्यानं माझ्याकडं फेकली आणि स्वतः अंगातला शर्ट काढून खंड्याच्या शेपटीवरची आग झोडपू लागला. खंड्याची तार आधी हाताला लागली, ती मी तोडली. तो उधळला तो थेट रस्त्यापलीकडं. रुपीचा मागचा पाय तारेत अडकला होता. तिची तार तोडायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मधे टायर फुटला, माझ्या भुवया जळाल्या, एवढं आठवतं.

ती सुटली आणि चार पावलं गेली. दुभाजकापाशी बसली. गाढव असं बसत नाही. पाठीमागचं कातडं राहिलं नव्हतं. मान सरळ होती, हार तसाच गळ्यात होता आणि डोळे माझ्यावर. मी पाणी मागितलं, कोणी दिलं नाही, दिलं असतं तरी काय झालं असतं? आमच्यात जनावर असं तडफडत ठेवत नाहीत. दुभाजकाचा निखळलेला दगड होता. मी तिच्या कानांमधे हात ठेवला, तिला आवडायचं तिथं, आणि मग हात काढून दगड घातला. एकदाच घालावा लागला, तेवढी देवाची कृपा.

मी तिथंच बसलो होतो. आग निवत आली होती आणि आबांचा रागही. ते माझ्याजवळ आले. दमलेल्या माणसासारखं त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

"गाढवासाठी रडतोस व्हय रं? जेजुरीला जा, दुसरं आण. मी सांगतो कुणालातरी पैशाचं." मग आजूबाजूला गडी उभे आहेत हे पाहून त्यांना विनोद सुचला. "गाढवाला काय वॉरंटी असती काय?"

गडी हसले. या वेळी मोठ्यानं, कारण परवानगी होती.

दगड माझ्या हातातच होता. मी उभा राहिलो आणि त्यांच्या डोक्यात मारला. आबा आडवे झाले. मला वाटलं आता हे सगळे मिळून मला संपवणार, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. पण कोणी पुढं आलं नाही. गाढववाल्यानं आबांना पाडलं, यापुढं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं.

दुपारी आम्ही सगळे सांगलीच्या सरकारी दवाखान्यात होतो. एका खाटेवर आबा, डोक्याला पांढरा फेटा बांधावा तशी पट्टी. पलीकडच्या खाटेवर मगदूम, भुवईला टाके, हात गळ्यात. त्याच्या उशाशी कंपनीचा कोट घातलेला माणूस बसून कानात कुजबुजत होता. मी भिंतीला टेकून उभा होतो. फौजदार आले तेव्हा मी आपणहून दोन्ही हात पुढं करून ठेवले.

फौजदारांनी आबांना विचारलं, कोणी मारलं. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग नजर काढून म्हणाले, "कुणी न्हाई. काचंवर पाय घसरला. पडलो."

मला कळलं. म्हाळू गाढववाल्यानं डोकं फोडलं हे तासगावात कळलं तर आबांना पुन्हा चावडीसमोरून जाता आलं नसतं. मी सुटलो होतो. आनंद झाला नाही असं कशाला म्हणू? बायको, पालं, खंड्या, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

फौजदार मगदूमकडं वळले. मगदूमनं कोटवाल्याकडं पाहिलं, मग छताकडं. "मीही पडलो," तो म्हणाला. आणि गाडी? गाडीत शॉर्ट सर्किट झालं असावं, कोटवाला म्हणाला, आबांचं मोठं नुकसान झालं, कंपनी त्यांना नवी गाडी द्यायचा विचार करत आहे. आबांनी डोळे मिटून मान हलवली. फौजदारांनी पेनचं टोपण लावलं. कंपनीला गाढवांचे फोटो पेपरात नको होते. सगळ्यांचं भागलं होतं.

दारापर्यंत गेल्यावर त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "तू कोण रे? तुझं काय इथं?"

काही नाही म्हणालो असतो तर पुरत होतं. पण मला ते जुळेना. आबा आपले आपण पडले, मगदूम आपला आपण पडला, गाडी आपली आपण पेटली. मग रुपी कशानं मेली? ती त्या रस्त्यावर आलीच नव्हती की काय? ती तिथं दुभाजकापाशी अजून पडलेली होती, कुत्री जमली असतील, आणि इथं तिच्या मरणाला जागाच उरली नव्हती.

"साहेब," मी म्हटलं, "आबा पडले न्हाईत. मी मारलं त्यांना. दगडानं."

मगदूम उठून बसला. आबांनी डोळे उघडले. त्यांचा आवाज मी तेवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "म्हाळ्या, येडा हायस काय? गप घरी जा. मी सोडतोय न्हवं तुला?"

फौजदार आबांकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. पेनचं टोपण त्यांनी पुन्हा काढलं.

"का मारलंस?"

दिवसभरात कोणी हे विचारलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो आणि रुपीपासून सांगायला सुरुवात केली.